दातांवरून वय

सावद्याचा गुरांचा बाजार खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. तिथे बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी खांदा पाहतो, पाय पाहतो, जनावर चालवून पाहतो आणि मग त्याचा खालचा ओठ ओढून दात पाहतो. सगळे दुधाचेच दात असले तर बैल आदत. मधले दोन पडून त्या जागी रुंद दात आले असले तर दोन दाती. पुढे चार दाती, सहा दाती, आणि आठही बदलले की जुळला. बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळे मोजायचे ते खालचे आठ. पहिली जोडी दोन-अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, शेवटची चार ते पाच वर्षांच्या दरम्यान. विकणारा वय काहीही सांगो, सौदा ठरतो तो दात पाहून.

माणसाच्या मुलाचे वयही असे दात पाहून सांगता येईल काय? हा प्रश्न कोण्या जीवशास्त्रज्ञाच्या मनात आला असता तर त्यात नवल नव्हते. पण तो मोठ्या प्रमाणावर प्रथम पुढे आला तो कायद्यापोटी, आणि त्याच्या उत्तरावर हजारो मुलांनी दिवसाचे किती तास यंत्रापुढे उभे राहायचे हे ठरणार होते. या हकीकतीचा एक धागा आपल्या खानदेशातल्या कापसाच्या जिनांपर्यंत येतो. ती सांगण्याआधी दात मुळात घड्याळासारखा का वागतो ते पाहू.

दात हे हाड नव्हे. हाड मोडले तर सांधते, कारण त्यात जिवंत पेशी असतात आणि हाड आयुष्यभर थोडे थोडे झिजून पुन्हा भरत राहते. दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग, म्हणजे मुकुट, एनॅमलने मढलेला असतो. एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. उरलेल्यात पाणी आणि थोडे सेंद्रिय द्रव्य. त्याच्या आत डेंटीन असते. त्यात खनिजाचे प्रमाण सुमारे ७० टक्के, म्हणून ते एनॅमलपेक्षा मऊ पण अधिक चिवट. नुसते एनॅमल असते तर सुपारी फोडताना दात काचेसारखा तडकला असता. नुसते डेंटीन असते तर भाकरी खाऊन खाऊन लवकर झिजून गेला असता. अगदी आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गाभा. मुळावर सिमेंटचा पातळ थर असतो आणि त्यातून निघालेले बारीक तंतू दाताला जबड्याच्या खोबणीत जणू टांगून धरतात. चावताना खडा दाताखाली आला की क्षणात कळते, ते बरेचसे या तंतूंमधल्या संवेदनेमुळे.

आता मुख्य गोष्ट. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी मुकुटाच्या बाहेरच्या अंगाला असतात आणि दात हिरडीतून वर येताना त्या नष्ट होतात. म्हणजे तोंडात दिसू लागलेल्या दाताचे एनॅमल वाढवणारे वा दुरुस्त करणारे कोणी उरलेले नसते. लाळेतून थोडे खनिज परत बसते एवढेच. गेलेला तुकडा पुन्हा उगवत नाही. डेंटीनचे तसे नाही, त्याच्या पेशी गाभ्याच्या कडेला जिवंत राहतात. वाढत्या जबड्यात पुरतील असे वाढते दात आपल्याला मिळालेले नाहीत. म्हणून निसर्गाने दोन संच दिले आहेत. दुधाचे वीस: आठ पटाशीचे, चार सुळे, आठ दाढा. कायमचे बत्तीस: आठ पटाशीचे, चार सुळे, आठ उपदाढा आणि अक्कलदाढा धरून बारा दाढा. पटाशीचे दात तुकडा तोडतात, सुळे फाडतात, उपदाढा व दाढा दळतात. आणि हे सगळे ठराविक क्रमाने येतात. पहिला दुधाचा दात साधारण सहाव्या महिन्यात, विसावा अडीच वर्षांच्या सुमारास. सहाव्या वर्षाजवळ पहिली कायमची दाढ, सहा ते आठ वर्षांत मधले पटाशीचे दात, सात ते नऊमध्ये त्यांच्या बाजूचे. नऊ ते बारामध्ये सुळे व उपदाढा, अकरा ते तेरामध्ये दुसरी दाढ. अक्कलदाढ सतरानंतर केव्हाही, काहींना कधीच नाही.

ही वेळापत्रके पाठ्यपुस्तकात आहेतच. ती कोणाला, कशासाठी लागली हे पुस्तकात नसते.

इंग्लंडमध्ये १८३३ साली कारखान्यांचा कायदा झाला. कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायचे नाही (रेशमाच्या गिरण्यांना यातून सूट होती), आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घ्यायचे नाही, असे त्यात ठरले. तेरा पुरी झाली की बारा तास. कायदा झाला, पण मूल नऊचे की सातचे हे ओळखायचे कसे? जन्माची सरकारी नोंद तिथे तोवर सुरूच झालेली नव्हती. आईबाप गरजेपोटी वय वाढवून सांगत, मालकाला ते हवेच असे. डॉक्टरने मुलाकडे पाहून ‘नऊ वर्षांच्या मुलासारखे दिसते’ असा दाखला द्यायचा. मग उंचीचे माप पुढे आले. अमुक फूट, अमुक इंच भरले की मूल नऊचे.

एडविन सॉन्डर्स या तरुण दंतवैद्याने १८३७ साली एक पुस्तिका लिहून पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवली. उंचीपेक्षा दात पाहा, असे त्याचे म्हणणे होते. वय ठाऊक असलेल्या १,०४६ मुलांचे दात त्याने तपासले होते. नऊ वर्षांच्या ७०८ मुलांपैकी ५३० मुलांचे वय केवळ दातांवरून नऊच्या जवळ असे सांगता आले. १२६ मुले साडेआठची वाटली, ५२ आठची. तेरा वर्षांच्या ३३८ मुलांपैकी २९४ तेराची ठरली, बाकीची साडेबारा किंवा बाराची. म्हणजे जी चूक झाली तीही वर्षभराच्या आतली. उंचीच्या मापाने इतके नेमके काही हाती लागत नव्हते. हाच सॉन्डर्स पुढे राणी व्हिक्टोरियाचा दंतवैद्य झाला आणि १८८३ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. दंतवैद्याला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

सॉन्डर्सच्या आकड्यांकडे आज पाहताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्याची चूक एकाच दिशेने आहे. मूल आहे त्यापेक्षा लहान वाटले, मोठे कधीच नाही. हे दातांचे वैशिष्ट्य नसून मोजणीच्या रीतीचे आहे. नऊ वर्षांची खूण म्हणून ठराविक दात धरले, ते ज्याला उशिरा आले तो मागे ढकलला गेला. पण ज्या आठ वर्षांच्या मुलाला ते दात लवकर आले तो या तपासणीत नव्हताच, कारण तपासायला घेतलेली मुले नऊची आणि तेराची होती. आठचे मूल नऊचे ठरण्याचा, म्हणजे चुकून गिरणीत जाण्याचा धोका किती, हा खरा प्रश्न या आकड्यांत विचारलेलाच नाही. संख्याशास्त्र शिकवताना नमुना कसा घ्यावा याचे इतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरीही एक गोम आहे. कुपोषणाचा परिणाम मुलाच्या उंचीवर जितका होतो तितका दातांवर होत नाही. अर्धपोटी वाढलेले नऊ वर्षांचे मूल सात वर्षांच्या मुलाएवढे दिसेल, पण दात बहुधा नऊचेच दाखवील. तेव्हा वय काढायचे साधन म्हणून दात उंचीपेक्षा सरस, हे सॉन्डर्सचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होते. पण उंचीच्या मापाने जे खुरटलेले मूल गिरणीच्या दाराबाहेर राहिले असते, ते दातांच्या मापाने आत गेले. अचूक वय कळणे आणि मुलाचे हित होणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या काळच्या वादात त्यांची बरीच सरमिसळ झालेली दिसते.

आता आपल्याकडे वळू. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये सावदा हा स्वतंत्र तालुका होता. केळी आज त्याची ओळख आहे, पण तेव्हाचा खानदेश कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाला भाव आला. रेल्वे आली, आणि सरकी काढणारी जिने व गाठी बांधणारे प्रेस खानदेशात उभे राहिले.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. सात वर्षांखालील मुलांना बंदी. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा. इंग्लंडमध्ये पन्नास वर्षांपूर्वी नऊ ही किमान मर्यादा होती, इथे सात! शिवाय हा कायदा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. जिन हा हंगामी धंदा. कापूस आला की सुरू, संपला की बंद. त्यामुळे खानदेशातली कितीतरी जिने या कायद्याच्या बाहेर राहिली. तिथल्या मुलाचे दात पाहण्याचे कारणच कोणाला नव्हते.

१८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे या जिनांविषयी साक्षी झाल्या. तिथल्या कामगारांत बायांचा भरणा. पहाटे चार-पाचला कामाला लागायचे ते रात्रीपर्यंत, आणि हंगाम भरात असला की रात्रंदिवस, अशी माहिती साक्षीत आली. याच सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन आयोगाकडे दिले. १८९१ च्या दुरुस्तीने किमान वय नऊ झाले, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास, आणि पन्नास कामगारांचे कारखाने कायद्यात आले. चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या हंगामी कारखान्यांना मात्र १९११ चा कायदा येईपर्यंत हात लागला नाही. १९२२ मध्ये किमान वय बारा झाले.

नऊ, बारा, चौदा हे आकडे कागदावर लिहिणे सोपे होते. समोर उभ्या असलेल्या मुलाचा जन्मदाखला नसे, आणि त्याच्या आईला विचारले तर ‘मोठ्या दुष्काळाच्या साली झाला’ असे काहीतरी उत्तर मिळे. कारखान्यासाठी दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी इथेही दातांचाच आधार घेतला. वेळापत्रक मात्र विलायतेतल्या मुलांवरून बसवलेले. दात येण्याच्या वयात लोकसमूहानुसार फरक पडतो, मुलींचे कायमचे दात मुलांपेक्षा काही महिने आधी येतात, आणि एकाच घरातल्या दोन भावंडांतही वर्षाचे अंतर पडू शकते. बैलाच्या सौद्यात सहा महिन्यांची चूक झाली तर थोड्या पैशांचे नुकसान. इथे त्याच चुकीने दिवसातले काही तास आणि पुढची काही वर्षे जात.

कारखान्यांबाहेर, गावच्या शाळेत, वय ठरवण्याची आणखी एक रीत होती. ती वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल, काहींनी स्वतः वापरलीही असेल. मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. कान हाती आला की मूल पहिलीत बसवायचे, आणि रजिस्टरात जन्मतारीख १ जून. कान हाती लागतो तो साधारण सहाव्या वर्षी, डोक्याच्या मानाने हात पुरेसा लांब झाला की. आणि पहिली कायमची दाढही त्याच सुमारास येते. दोन्ही खुणांत वर्षभर इकडेतिकडे होते. पण शाळेची ही नोंद पुढे किती जड ठरते, याची गुरुजींना तेव्हा कल्पना असेल असे वाटत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार, एखादी व्यक्ती अठराच्या आत आहे की बाहेर हे ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पाहायचे; ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला; आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची वा तत्सम वैद्यकीय चाचणी. म्हणजे डॉक्टरच्या क्ष-किरण चित्राआधी मास्तरांची लेखणी. दातांच्या क्ष-किरण चित्रांवरून वय काढण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत १९७३ ची, डेमिर्जियन व त्यांच्या सहकाऱ्यांची. ती बसवली गेली फ्रेंच-कॅनेडियन मुलांवर, आणि भारतीय मुलांना लावली असता ती वय जास्त दाखवते असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. १८३७ ची अडचण अजून पुरती सुटलेली नाही.

इथवर आपण दात केव्हा उगवतो याचाच विचार केला. पण दातात दुसरे घड्याळ आहे, आणि ते फार बारीक आहे.

एनॅमल बनवणाऱ्या पेशी रोज थोडा थर घालतात. दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर या रोजच्या कामाच्या बारीक रेघा दिसतात, आणि साधारण आठ-नऊ दिवसांनी एक ठळक रेघ. झाडाच्या खोडात वर्षाची वलये असतात, इथे दिवसाची आहेत. मुलाला मोठा ताप आला, जुलाब लागले, अन्न तुटले, तर त्या दिवसांतला थर नीट बनत नाही. आडवी खाच किंवा खळगा राहतो. पेशी पुढे मरून जातात, त्यामुळे ती खाच कोणी भरत नाही. दुधाच्या पटाशीच्या दातांचे एनॅमल गर्भाच्या चौथ्या महिन्यातच बनू लागते, आणि दुधाच्या सर्व दातांचे मुकुट बाळ वर्षाचे होता होता पुरे होतात. मध्ये जन्माचा दिवस येतो. नाळ तुटणे, श्वास घेणे, पहिल्यांदा दूध पिणे या सगळ्या धक्क्याची एक स्पष्ट रेघ दुधाच्या दातात उमटते. तिच्या आतला भाग आईच्या पोटातला, बाहेरचा जगातला.

याचा उपयोग महाराष्ट्राच्या इतिहासाला झाला तो इनामगावला. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली ठळक नावे. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. (खानदेशच्या वाचकांचा इथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे. ताम्रपाषाण युगाच्या संदर्भात ‘सावळदा संस्कृती’ असे वाचायला मिळते; ते सावदा नव्हे. सावळदा हे तापीकाठचे गाव, आणि त्याच संस्कृतीची वस्ती धुळे जिल्ह्यात कवठे येथे डेक्कन कॉलेजने खणून काढली.) इनामगावला दोनशेहून अधिक दफने सापडली, त्यांत बहुसंख्य लहान मुलांची. मूल गेले की त्याला दोन रांजणांत, त्यांची तोंडे एकमेकांना भिडवून, घराच्या जमिनीखालीच पुरत.

या मुलांची वये कळली कशी? तान्ह्या बाळाची हाडे नाजूक, मातीत विरणारी. पण एनॅमल तीन हजार वर्षे टिकते. जबड्यात न उगवलेल्या दाताचा मुकुट किती बनला आहे यावरून मूल सहा महिन्यांचे की दीड वर्षाचे हे सांगता येते. अमेरिकेतले मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे सु. रा. वाळिंबे यांनी हे काम केले. त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये निघाला. पुढे त्यांनी दुधाच्या सुळ्यांवर आढळणाऱ्या लहान खळग्यांचा पाठपुरावा केला. हा सुळा जबड्यात बनत असताना त्याच्यावरचे हाड पातळ असते. पोषण कमी पडले की ते आणखी पातळ राहते आणि बाळाने काही तोंडात घातले, चावले, तरी आतल्या कोवळ्या मुकुटाला इजा होते, असे या खळग्यांचे एक स्पष्टीकरण आहे. ज्या समाजाने एक अक्षर लिहून ठेवले नाही त्याच्या तान्ह्या मुलांच्या पहिल्या वर्षाची थोडीशी नोंद अशी हाती आली. मोठ्या माणसांच्या दाढा दुसरेच सांगतात. दगडी पाट्यावर दळलेल्या पिठात कच येते, आणि आयुष्यभर ती चावून एनॅमल घासत जाते. अक्कलदाढ आल्यानंतरचे वय या झिजेवरून अदमासाने काढतात. त्यात चूक मोठी, दहा-दहा वर्षांचीही.

वर्गात यातले काय करता येईल? पहिली ते सातवीच्या मुलांचे पुढचे आठ दात, वरचे चार नि खालचे चार, एकमेकांनी पाहून त्यांतले कायमचे किती ते लिहायचे (दुधाचे दात लहान व पांढरे, कायमचे मोठे व किंचित पिवळसर, आणि नवे असताना कडेला करवतीसारखे). समोर रजिस्टरातले वय महिन्यांत. शंभरेक मुलांचा आलेख काढला की एकाच वयाला केवढा फरक पडतो ते डोळ्यांना दिसेल, आणि सॉन्डर्सने न विचारलेला प्रश्नही मुलेच विचारतील. आज मुलांच्या जन्मनोंदी बऱ्यापैकी खऱ्या असतात, म्हणून हे शक्य आहे. १ जूनच्या पिढीवर हा प्रयोग झाला नसता.

तोंडे उघडलीच आहेत तर आणखी एक दात पाहावा. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ. ती कोणताही दुधाचा दात पडल्याखेरीज, सर्वांत मागे, गुपचूप येते. तिचा मुकुट जन्माच्या सुमारास बनू लागून तिसऱ्या वर्षापर्यंत पुरा झालेला असतो, म्हणजे मुलाची पहिली तीन वर्षे तिच्यात आहेत. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत अन्न अडकते आणि कीड बहुधा तिलाच प्रथम लागते. दहाव्या वर्षी ती दुखू लागली की घरचे म्हणतात, दुधाची आहे, पडून जाईल, दुसरी येईल. कोणी ती काढूनही टाकतात. तिच्या जागी दुसरी येत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: पटाशीच्या मध्यरेषेपासून मागे मोजत गेल्यास ती सहावी.